तळचं पुट

सानिकाच्या घरातल्या भिंतीला दृष्ट म्हणजे काय ते ठाऊक झालं होतं. आता भिंतीला कसं काय ठाऊक, असं विचारू नका. कोल्हापुरातल्या सगळ्या नव्या इमारतींत असतं तसं धुरावर नजर ठेवणारं यंत्र तिच्याही स्वयंपाकघरात बसवलेलं होतं. पहिल्यांदा तव्यावर मिरच्या पडल्या तेव्हा त्यानं वॉचमनपासून अग्निशामक दलापर्यंत सगळ्यांची धावपळ उडवून दिली. मग सानिकानं त्याला समजावलं, ही दृष्ट आहे. तेव्हापासून दिवेलागणीला धूर निघाला की भिंत शहाण्यासारखी विचारायची, "दृष्ट आहे का?" आणि सहा वर्षांची जुई पाटावर उभ्या उभ्या सांगायची, "होय."

सानिका पाटणकर चांगली शिकलेली बाई. तिचा दृष्टीवर विश्वास कसला डोंबलाचा. पण कऱ्हाडला तिची आई मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेऊन ओवाळायची, तेच ती जुईला करायची. जुई एरवी एका जागी उभी राहील तर शपथ. दृष्ट काढताना मात्र पुतळ्यासारखी उभी राहायची. आई मूठ फिरवत नावं घ्यायची, "आल्याची, गेल्याची, जिन्यातल्या काकूंची, काळ्या मांजराची..." मिरच्या तव्यावर पडल्या की दोघी श्वास रोखून वाट बघायच्या. ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच. नाही लागला, तर मग जबरदस्त लागली होती. बहुतेक रोज दोघी खोकून खोकून बेजार व्हायच्या आणि हसायच्या.

जुईच्या वडिलांनी, हर्षदनं, दुसरं लग्न केलं त्या आठवड्यात सानिकानं यादीत आणखी एक नाव घातलं. "काळ्या मांजराची, गौतमीची..." म्हटलं तर गंमत होती. जुई खुदकन हसली, म्हणून दुसऱ्या दिवशीही घेतलं आणि मग ते नाव तिथंच राहिलं.

नवरा दुसरीकडं गेला याचं सानिकाला फारसं वाईट वाटलं नव्हतं. हर्षद माणूस तसा बरा, पण त्याच्याशी संसार म्हणजे सारखं स्वतःशीच बोलणं. दोघं सामोपचारानं वेगळी झाली. शाळेचे दिवस जुई आईकडं आणि शनिवार-रविवार वडिलांकडं असं ठरलं. पण रविवारी संध्याकाळी जुई परत यायची तेव्हा सानिकाचा जीव जळायचा. पोरीच्या केसांची चौपेडी वेणी घातलेली असायची, एक केस सुटलेला नाही. सानिकाला साधी तीनपेडीसुद्धा धड जमत नव्हती. कागलच्या वाटेवर गौतमीची रोपवाटिका होती, त्यामुळं जुईच्या नखांत माती, तोंडात झाडांची नावं. वर बोलणंही बदललं. गौतमी पक्की कोल्हापूरची, "मी आलो, मी जेवलो" असं बोलणारी. जुईही तसंच बोलायला लागली.

"मी आले म्हणायचं, जुई."

"गौतू तर आलो म्हणती."

एकदा तापात फणफणली असताना जुईनं डोळे मिटूनच गौतूची वरणफळं मागितली. सानिकानं वरणफळं केली. जुईनं एक घास खाल्ला, आईला वाईट वाटू नये म्हणून दुसरा खाल्ला आणि ताटली सरकवली. तो दुसरा घास सानिकाच्या फार जिव्हारी लागला. जळकुकडी म्हणा तिला, खुशाल म्हणा. ती स्वतःला त्याहून वाईट शब्द लावायची.

आणि मग एका रविवारी जुई हाताला प्लास्टर आणि हनुवटीला टाके घेऊन घरी आली.

हर्षदचा चेहरा उतरलेला होता. रोपवाटिकेतल्या चिकूच्या झाडाला झोपाळा टांगलेला होता, त्यावरून ती पडली होती. गौतमी गाडीतून उतरलीच नाही, काचेआडून नुसती बघत राहिली.

"कशी पडलीस गं?" दारातच सानिकानं विचारलं.

"पडलो," जुई म्हणाली आणि प्लास्टरवर गौतमीनं काढलेलं फूल दाखवलं.

सानिकानं पुढं काहीएक विचारलं नाही. तिचं पोटच त्या शहाणपणावर भरत होतं.

ती शहरातल्या बालसाक्ष केंद्रात काम करायची. एखादा अपघात, एखादी मारहाण फक्त एका लहान मुलानं पाहिलेली असते, अशा मुलांना तिथं आणत. पूर्वी न्यायालयांची दोनच मतं असायची. पोर आहे, काहीही बडबडतं, असं एक. नाहीतर पोर आहे, ते कशाला खोटं बोलेल, असं दुसरं. खरं म्हणजे दोन्ही चूक. मोकळं सोडलं तर लहान मूल मोठ्यांपेक्षा कमी सांगतं, पण जे सांगतं ते बहुधा बरोबर असतं. बिघडवतो आपण. "त्यानंच मारलं ना रे?" असं चार वेळा विचारलं की पाचव्या वेळी पोराला तो मारताना दिसायला लागतो, अगदी शर्टाच्या रंगासकट. आणि ते खोटं बोलत नसतं, हीच तर खरी अडचण.

कारण आठवण काही कुलपात ठेवलेल्या दागिन्यासारखी जशीच्या तशी राहत नाही. बाहेर काढली की ती ओल्या चुन्यासारखी मऊ पडते. त्या घटकेला आजूबाजूला जे असेल, कुणाचा प्रश्न, कुणाचा रागावलेला चेहरा, कसला वास, ते तिला चिकटतं आणि तसंच आत जाऊन वाळतं. दर वेळी एक नवं पुट. केंद्रातलं यंत्र ही पुटं वेगळी करून दाखवायचं, म्हणून त्याचं नाव पुटदर्शक. क्रिकेटवाल्याच्या हेल्मेटएवढं टोपडं मुलाच्या डोक्यावर घालायचं. डोक्यातल्या पेशी कामाला लागल्या की अगदी क्षीण चुंबकीय लहरी उठतात, त्या ते टिपतं. डोळ्यांनी पाहिलेलं आठवताना आधी डोक्याची मागची बाजू जागी होते. कानांनी ऐकलेलं आठवताना आधी कानाजवळची. फरक इतका थोडा की आपल्या पापणीलाही कळायचा नाही, पण यंत्राला तेवढा पुरतो. सिनेमा दिसत नाही, आठवण कुठल्या दारानं आत आली आणि तिला कुणाचा आवाज, कसला वास चिकटला तेवढं दिसतं. दहा वर्षांखालच्या मुलाची साक्ष पुटं बघितल्याशिवाय धरायची नाही, असा आता नियमच होता.

म्हणून सानिका प्रश्न विचारत नव्हती. दृष्ट मात्र काढत होती. पोरगी पडली, टाके पडले, मग तर रोज काढायलाच हवी. "काळ्या मांजराची, गौतमीची..." आता ते नाव घेताना जुई हसायची नाही. आणि सानिकाची मूठ त्या नावाला जरा घट्ट व्हायची, जरा जास्त वेळ फिरायची. तिचं तिलाही ते कळत नव्हतं.

महिना उलटला. एका दुपारी जुई दहीभात खाता खाता म्हणाली, "गौतूनं मला ढकललं."

सानिकाचा हात पातेल्यावरच थांबला. केंद्रात परवानगी असलेला एकच प्रश्न तिनं विचारला, "मग काय झालं?"

"दोन्ही हातांनी ढकललं. मागनं. आणि हसत होती."

आता खरं ते सांगायला हवं. सानिकाला आनंद झाला. असा आनंद की पाय हलके झाले. ती चौपेडी वेणी, ती वरणफळं, ते सगळं गोडगोड वागणं, त्याच्याखाली हे होतं तर. मला वाटतच होतं, ती स्वतःशी म्हणाली. मग तिला त्या आनंदाची लाज वाटली. लाज वाटता वाटताच तिनं वकिलाला फोन लावला. जुईचा पूर्ण ताबा हवा होता, शनिवार-रविवारसकट.

हर्षदचा फोन आला तो तापलेलाच. "तू पढवलंयस तिला."

"मी एक प्रश्न विचारलेला नाही. माझं कामच आहे ते."

"गौतमी झोपाळ्याच्या समोर होती, सानिका. मागं नव्हतीच."

"ते यंत्र सांगेल की."

यंत्राला ती घाबरत नव्हती. उलट ते तिचंच होतं, त्याची तार न् तार तिच्या ओळखीची. नियमाप्रमाणं तपासणी तिच्या हाती दिली गेली नाही. ते काम डॉक्टर यास्मीन मुजावर यांच्याकडं गेलं. सानिका त्यांना ताई म्हणायची, आणि ज्या दिवशी यास्मीनताईंकडून चूक होईल त्या दिवशी सूर्य रंकाळ्यात उगवेल असं केंद्रात सगळे म्हणायचे.

तपासणीच्या दिवशी तिघं काचेच्या अलीकडं बसली. सानिका, मग रिकामी खुर्ची, मग हर्षद आणि गौतमी. गौतमीला सानिका पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होती. ठेंगणी, सावळी, रापलेल्या हातांची बाई. साडीच्या काठाला कुठल्याशा रोपाचं वाळकं पान चिकटलेलं.

टोपडं नीट बसायला केस चापून बांधावे लागतात. यास्मीनताईंनी दार उघडून विचारलं, "जुईचे केस कोण बांधतं? मला नाही म्हणते."

सानिका उठली.

"गौतू," आतनं जुईचा आवाज आला.

जिनं आपल्याला ढकललं असं पोरगी सांगत होती तिलाच ती केस बांधायला बोलवत होती. कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात इथं लख्ख प्रकाश पडला असता. सानिकाच्या डोक्यात तेवढंच आलं की मला नाही बोलावलं. गौतमीनं तिच्याकडं बघितलं, जाऊ का अशा अर्थानं. सानिकानं तोंड फिरवलं. मग काचेतून ती चार पेड एकमेकांत जाताना बघत राहिली, आणि पोरीचे डोळे सुखानं मिटलेलेही तिला बघावे लागले.

यास्मीनताईंनी एकेक चित्र पुढं ठेवलं. झोपाळा, चिकूचं झाड, गौतमीचा चेहरा, पाठीवर टेकलेले दोन हात. जुई बघत होती, पाय हलवत होती, मधेच भूक लागली म्हणाली. संपलं.

तासाभरानं यास्मीनताईंनी सानिकाला एकटीला आत बोलावलं. केंद्राची माणूस म्हणून नव्हे, आई म्हणून. मूल ज्याच्याकडं राहतं त्याला आधी विचारायची पद्धतच होती.

"बस. हे तळचं पुट." त्यांनी पडद्यावरची निळी पट्टी दाखवली. "झोपाळा, फांद्या, सगळं डोळ्यांवाटे आलेलं. गौतमीचा चेहराही डोळ्यांवाटेच, पण समोरनं, आणि जवळ जवळ येणारा. ती पळत येत होती."

सानिका पट्टीकडं वाकली.

"आता पाठीवरचे हात. ढकललं असतं तर स्पर्शाची जागा जागी झाली असती. ती गप्प आहे, सानिका. हे हात आलेत ते कानावाटे. वरची सगळी पुटं कानावाटेच आहेत, पातळ पातळ, एकावर एक. आणि आवाज तुझा आहे."

"मी काही विचारलं नाही, ताई. आईशप्पथ."

"ठाऊक आहे मला. प्रश्नाची पुटं अशी दिसत नाहीत, ती जाड असतात. हे काहीतरी रोजचं आहे. लाडाचं. पोरगी निवांत असताना आत गेलेलं." त्यांनी पट्टीच्या कडेची एक बारीक लाल रेघ दाखवली. "आणि प्रत्येक पुटाला एक वास चिकटलाय. यंत्राला नाव सांगता येईना. जळका, तिखट."

सानिकाला आपल्याच घरातली भिंत बोलल्याचा भास झाला. दृष्ट आहे का?

"आमची अम्मीपण मिरच्या ओवाळायची," यास्मीनताई पडद्याकडंच बघत म्हणाल्या. "पण मी काही तुझ्या घरात नव्हते. मला फक्त वास दिसतोय. मी लिहीन की वरची पुटं ऐकीव आहेत, उगम कळला नाही. तुझा आवाज तर काय, आईचा आवाज पोरीच्या डोक्यात असणारच. ढकलल्याची गोष्ट तेवढी रद्द होईल. तुझे शाळेचे दिवस तुझेच राहतील."

"आणि मी सांगितलं तर?"

"तर ते साक्षीदार पढवणं होतं. मुद्दाम असो नाहीतर नसो. त्यात तू इथली."

म्हणजे तोंड मिटून बसलं की पोरगी राहत होती, नोकरी राहत होती. गौतमीवर मात्र एक डाग राहणार होता, उगम कळला नाही असा. गावात कुणी ना कुणी म्हणतच राहिलं असतं, काहीतरी असेल, पोरं उगीच नाही बोलत. सानिकाच्या मनाचा एक कोपरा, ती काही संत नव्हती, म्हणाला की राहू दे डाग. जरा राहू दे की.

पण मग तिला आपली मूठ आठवली. त्या नावाला घट्ट व्हायची ती. जुई पाटावर मान वर करून उभी असायची, आईच्या तोंडाकडं बघत, सगळ्या जगात तिथंच सगळ्यात सुरक्षित असल्यासारखी. त्या घटकेला सानिकानं तिच्या डोक्यात दोन हात ठेवून दिले होते. पोरीला जे माणूस आवडत होतं त्याचेच. आता ती झोपाळ्यावर बसताना दर वेळी मागं वळून बघेल. आपल्या हेव्याची भीती तिनं सहा वर्षांच्या पोरीला सांभाळायला दिली होती.

"दृष्ट होती ती," सानिका म्हणाली. "मी नावं घेते. तिचं घेत होते."

न्यायाधीश बाईंसमोर तिनं तेच परत सांगितलं, गौतमीकडं न बघता. पाटाचंही सांगितलं, मुठीचंही सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांच्याही घरात तवा असणारच. निकाल मात्र कायद्यानं दिला. वर्ष संपेपर्यंत जुई शाळेचे दिवस वडिलांकडं राहील, शनिवार-रविवार आईकडं. केंद्रानं सानिकाला मुलांच्या खोलीतून काढून यंत्रांच्या दुरुस्तीला लावलं. बाहेर पायऱ्यांवर गौतमी काहीतरी बोलायला पुढं आली, तेव्हा सानिका रिक्षात बसून निघूनसुद्धा गेली. माफी मागितल्यावर माणूस लगेच गोड होतं असं कुणी सांगितलं असेल तर त्यानं कधी मागितलेली नसणार.

पहिल्या शनिवारी जुई आली आणि दिवे लागल्या लागल्या स्वतःच पाट घेऊन उभी राहिली. "दृष्ट काढ की."

सानिका नको म्हणणार होती. पण पोरीचं सगळं घर हललं होतं, एवढं एक तरी जागेवर राहावं असं तिला वाटलं. तिनं मूठ भरली. "आल्याची, गेल्याची, जिन्यातल्या काकूंची, काळ्या मांजराची."

"गौतूचं विसरलीस."

"तिची नव्हती लागली. मी चुकून म्हणत होते."

"मग मी पडलो ते कुणाची लागली म्हणून?"

असं नाव घ्यायचं नसतं, हे सानिकाइतकं आता कुणाला कळत होतं? नाव घेतलं की पुट चढतं. पण पोरगी मान वर करून बघत होती आणि उत्तर हवंच म्हणत होती.

"आईची," सानिका म्हणाली आणि मिरच्या तव्यावर टाकल्या.

दोघींनी श्वास रोखला. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. ठसका काही लागला नाही. खिडकी उघडी होती म्हणून असेल. जुईनं आईकडं मोठ्या डोळ्यांनी बघितलं.

"दृष्ट आहे का?" भिंतीनं विचारलं.

"होय," जुई हळूच म्हणाली. "खूप."

त्यानंतरचा तिसरा की चौथा रविवार. सानिका जुईला सोडायला रोपवाटिकेत गेली. फाटकातनं परत फिरायचं असं ती दर वेळी ठरवायची. पण त्या दिवशी हर्षदची आई आलेली होती. जुन्या सुनेशी कसं बोलावं हे न कळून त्यांनी नातीचा हात धरला. प्लास्टर निघाल्यावर हात जरा बारीक दिसत होता.

"कशी गं पडलीस एवढी?" आजींनी विचारलं.

"आईनं ढकललं," जुई म्हणाली. तिला अगदी स्पष्ट आठवत होतं. "मागनं. तिनं निळी ओढणी घेतली होती. आणि खूप जळका वास आला."

आजींचा हात थांबला. सानिका त्या दिवशी तिथून कितीतरी लांब आपल्या घरी होती, हे तिथल्या सगळ्या मोठ्या माणसांना माहीत होतं. हर्षदनं तोंड उघडलं. सानिकानं मान हलवून त्याला गप्प केलं. असू दे, तिला वाटलं. तळाला काय आहे ते मला ठाऊक आहे, आणि वरचंही तसं काही फार खोटं नाही.

गौतमी हातातली कुंडी खाली ठेवून आली आणि जुईसमोर उकिडवी बसली.

"नाही बाळा. आई तिथं नव्हतीच. तू उंच गेलीस, मला बघून दोन्ही हात सोडून टाळ्या वाजवल्यास आणि आपली आपण पडलीस. मी पळत आलो, पण पोचलो नाही वेळेवर. मी बघितलंय ना."

जुई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा मोकळा झाला.

"हां," ती म्हणाली. "टाळ्या वाजवल्या मी. आपली आपण पडलो." आणि झोपाळ्याकडं पळाली, एकदाही मागं न बघता.

गौतमीनं उठून पदर झटकला आणि ती सानिकाकडं बघून ओशाळल्यासारखं हसली. सानिकाही हसली, हसायलाच हवं होतं. इतकं चांगलं असायची काय गरज होती या बाईला? सानिकानं महिनाभर रोज मूठ फिरवून जे आत घातलं, जे काढायला यंत्र लागलं, न्यायाधीश लागले, ते गौतमीनं चार वाक्यांत पुसून टाकलं होतं. पोरीनं क्षणात तिचं ऐकलं. जुईच्या डोक्यात आज एक नवं पुट चढलं होतं, तळाशी तंतोतंत जुळणारं, आणि त्याला आवाज होता गौतमीचा. ते खरं होतं, म्हणून काय झालं. जळायचं ते जळलंच.

सानिकानं जुईची पिशवी गौतमीच्या हातात दिली.

"केस फार आवळू नकोस," ती म्हणाली. "डोकं दुखतं तिचं."